पाणी बघायला जाणं

(दहावी १९८५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात अहमदपूर इथं केलेलं भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सर, गुरुजी आणि बाई, आणि समोर बसलेल्या, केस पांढरे झाले तरी आवाजावरून लगेच ओळखू येणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू लेकीकडं चार महिने इंग्लंडला राहून आलीस, तिकडचं काहीतरी सांग. वीस मिनिटं. आणि वर्गात शिकवल्यासारखं बोलू नकोस." तीस वर्षं लातूरला मास्तरकी केलेल्या बाईला ही अट जड आहे, पण प्रयत्न करते.

लंडनचा पूल, राणीचा वाडा हे तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं आहे. मी तिकडच्या तळ्यांबद्दल आणि धरणांबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, धरण बघायला इंग्लंडला कशाला जायचं? आपल्याकडं काय कमी आहेत? तेच तर बोलायचं आहे.

लेक राहते लेस्टरला. गेल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी जावई म्हणाले, "आई, चला, पाण्यावर जाऊ." मी पटकन विचारलं, "का, नळाला आलं नाही का?" दोघंही हसत सुटली. लातूरच्या माणसाला पाणी म्हटलं की पहिल्यांदा नळ आठवतो, मग टँकर, मग ड्रम. मौज म्हणून पाण्याकडं जायचं हे आपल्या डोक्यात येतच नाही.

आम्ही गेलो रटलंड वॉटरला. हा निसर्गानं केलेला तलाव नाही बरं का. १९७० च्या दशकात ग्वॉश नावाच्या बारक्याशा नदीवर भराव घालून केलेला जलाशय आहे, आसपासच्या शहरांना पिण्याचं पाणी द्यायला. पाण्याच्या पसाऱ्यानं मोजलं तर इंग्लंडमधला सर्वांत मोठा. म्हणजे आपल्या भाषेत पाणीपुरवठ्याचं धरण. पण तिथं शनिवारी जत्रा असते. काठानं सगळीकडून सायकलची वाट आहे. शिडाच्या होड्या आहेत, गळ टाकून बसलेली माणसं आहेत. पक्षी बघायला लाकडी खोपटी केलेली आहेत, त्यात म्हातारे नवरा-बायको थर्मासमधला चहा पीत दुर्बीण लावून तासन्‌तास बसलेले. कुणी कुणाशी बोलत नाही. आपल्याला वाटावं भांडण झालंय.

ती बघत होती ऑस्प्रे नावाचा पक्षी. घारीपेक्षा मोठा, पाण्यात पाय सोडून झेप घेतो आणि मासा उचलतो. इंग्लंडमधून तो केव्हाच नाहीसा झाला होता. १९९६ मध्ये स्कॉटलंडहून पिल्लं आणून रटलंडला सोडायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये तिथं पहिलं घरटं यशस्वी झालं. धरण बांधल्यावर पंचवीस वर्षांनी गेलेला पक्षी परत आला. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याही मोठ्या जलाशयांवर उतरतो. आपण त्याला बघत नाही एवढंच.

तिथं पाण्याच्या कडेला एक दगडी चर्च आहे, नॉर्मंटनचं. धरणाचं पाणी चढलं की ते निम्मं बुडणार होतं. लोकांनी पाडू दिलं नाही. आतली जमीन उंच केली, भोवती बांध घातला आणि आता ते पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. लग्नाचे फोटो काढायला तिथं रांग असते. पण त्याच पाण्याखाली नेदर हॅम्बल्टन आणि मिडल हॅम्बल्टन अशी दोन वस्त्यांची ठिकाणं गेली, वरचं हॅम्बल्टन तेवढं टेकडीवर राहिलं. खालचं, मधलं आणि वरचं. आपल्याकडं कसं बुद्रुक आणि खुर्द असतं तसंच.

दुसऱ्या खेपेला गेलो डर्बीशायरच्या डोंगरात, लेडीबोवरला. हे धरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुरं झालं आणि १९४५ मध्ये राजानं येऊन त्याचं उद्घाटन केलं. त्यात डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं गेली. स्मशानातली मढी उकरून दुसऱ्या गावी नेऊन पुरली. चर्चचा मनोरा बरीच वर्षं पाण्याबाहेर डोकं काढून उभा होता, १९४७ मध्ये तो सुरुंग लावून पाडला. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी एवढं उतरलं की डरवेंट गावाचे दगड वर आले आणि ते बघायला ही गर्दी! उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि पुण्याकडून गाड्यांची रांग लागते, तसंच.

माझ्या शेजारी कठड्याला टेकून एक आजीबाई उभ्या होत्या. लेकीनं दुभाष्याचं काम केलं. त्यांच्या आजोळचं घर खाली होतं. मी त्यांना म्हणाले, आमच्या वर्गातही अशी मुलं होती. नाथसागराखाली तर शंभराहून जास्त गावं गेलीत. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता इथं तिसऱ्या रांगेत आपले दोघं बसलेत, ज्यांचं गाव आणि काळी जमीन धरणात गेली. त्यातला एक मला काल म्हणाला, "लोक माझ्या बापाच्या शेतावर बोटी फिरवतात, आणि मी काठावर भजी खातो." तो हसत म्हणाला, पण मला त्यावर हसता आलं नाही. पाण्याकाठच्या मौजेबद्दल बोलताना हे सोडून पुढं जाता येत नाही, म्हणून आधीच सांगितलं.

आपण पाचवीला आलो तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतो आणि दहावी झालो लातूर जिल्ह्यातून. १५ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा वेगळा झाला, त्या दिवशी शाळेत पेढे वाटले होते. भूगोलाच्या सरांनी त्या आठवड्यात फळ्यावर नवा नकाशा काढला आणि मांजरा, तेरणा, मन्याड, तिरू अशा नद्या निळ्या खडूनं दाखवल्या. सर, तुम्ही समोर आहात म्हणून सांगते, तो निळा खडू फळ्यावर दिसायचा तेवढी नदी मला पुढं कधी उन्हाळ्यात दिसली नाही. (सर म्हणतात, "नकाशा पावसाळ्यातला होता." मान्य.)

सहलीचं म्हणाल तर आपली एकच मोठी सहल झाली, पैठणची. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, हे सरांनी एस.टी.त पाठ करून घेतलं होतं. भरावावर उभं राहिल्यावर पलीकडचा काठच दिसेना. आपल्यातल्या एकीनं विचारलं, "सर, हाच समुद्र का?" ती आज रत्नागिरीला राहते आणि रोज खरा समुद्र बघते.

पण लांब कशाला जायचं? नांदेडच्या उशाशी विष्णुपुरी आहे. गोदावरीचं पाणी अडवून ते पंपांनी उचलून शेतीला देणारी एवढी मोठी योजना देशात क्वचितच असेल. जलाशयाला शंकरराव चव्हाणांचं नाव, शंकर सागर. अठरा दरवाजे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की अर्ध नांदेड बघायला जातं. काळेश्वराच्या देवळाच्या मागं संध्याकाळी बसून बघा, समोर नुसतं पाणी आणि वरून घरी निघालेल्या बगळ्यांच्या रांगा. कंधारला जगत्तुंग सागर आहे, राष्ट्रकूटांच्या काळातला. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिथं पाणी अडवलं आणि आज आपण त्या काठानं गाडी न थांबवता जातो. बारूळ आहे. किनवटच्या बाजूला पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. ऑगस्टमध्ये तिथला आवाज छातीत ऐकू येतो. आणि आपल्या अगदी दारात लिंबोटी. आपण शाळेत होतो तेव्हा तिथं आजच्यासारखं पाणी नव्हतं. आज आपल्या अहमदपूरच्या आणि उदगीरच्या नळाला तेच येतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे भोई तिथं पहाटे बघायला मिळतात. एवढ्याशा तुकड्यावर तोल सांभाळत बसलेला माणूस बघितला की रटलंडच्या शिडाच्या होड्या विसरायला होतात.

लातूरकरांना मात्र पाणी बघायला जाण्याची गोडी एका वेगळ्याच वर्षी लागली. २०१६ आठवा. धनेगावच्या मांजरा धरणाचा मृतसाठासुद्धा संपला होता. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये कलम १४४ लावलं. आमच्या शाळेत मुलं डब्याबरोबर पाण्याच्या बाटल्या मोजून आणायची आणि दुपारी बाटली हरवली म्हणून रडायची. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वॅगनची गाडी सुरू झाली. रेल्वे बघायला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. पाण्याची सहल म्हणायची तर ती.

आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. रविवारी सगळं लातूर धनेगावच्या रस्त्याला. म्हाताऱ्या बायका ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. माझ्या सासूबाईंनी काठावर बसून पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "किती गार आहे गं." तासभर तशाच बसल्या. पिकनिक म्हणा, दर्शन म्हणा.

बाहेर जाऊन उघड्यावर जेवायची हौस इंग्रजांना आहे आणि आपल्याला नाही, असं कुणी म्हणू नये. आपली येळवस काय आहे? मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-नांदेड-धाराशिवकडची सगळी शहरं ओस पडतात. कडब्याची कोप, पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्याचं शेत नाही त्यालाही ओढून नेतात. पुण्यातल्या लोकांना मी येळवस समजावून सांगायला जाते तेव्हा त्यांना वाटतं मी खोटं सांगते. तेव्हा माझं म्हणणं एवढंच की जी येळवस आपण शेतात करतो, तिचा एक पाट पाण्याकडंही वळवता येईल.

पण अडचण कशाची आहे ते बायकांना विचारा. धरणावर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, तिथं बाथरूम आहे का? नसतंच. मग घरचे पुरुष जातात, पोरं जातात, आणि बायका घरून डबा भरून देतात. रटलंडला मला सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर काठावरची स्वच्छ स्वच्छतागृहं. व्हीलचेअर जाईल अशी वाट. नव्वदीच्या म्हाताऱ्याला नातू ढकलत घेऊन चाललाय. गाडी लावायचे पैसे घेतात, आणि ते पैसे कुठं गेले ते डोळ्यांना दिसतं.

तिकडंही हे सगळं आपोआप आलेलं नाही. लेडीबोवरच्या जवळच किंडर स्काउट नावाचा डोंगर आहे. तो बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला, सामान्य माणसाला मज्जाव. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतली शेकडो तरुण पोरं ठरवून, बंदी मोडून त्या डोंगरावर चढली. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पुढं १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच भागात. रविवारी मोकळ्या हवेत चालायचा हक्क त्यांनी तुरुंगात जाऊन मिळवला. आणि सगळं छान आहे असंही नाही. विंडरमिअर हे त्यांचं सगळ्यांत लाडकं सरोवर. त्यात सांडपाणी सोडलं जातं म्हणून तिथले लोक आजही फलक घेऊन उभे राहतात.

आता ज्यासाठी हा विषय निवडला ते सांगते.

नववीच्या उन्हाळ्यात आपल्या वर्गातला एक जण पाझर तलावात गेला. नाव घेत नाही. हजेरीत त्याच्या नावानंतर माझं नाव यायचं. जूनमध्ये सरांनी हजेरी घेताना तिथं थांबून एक श्वास घेतला आणि मग माझं नाव घेतलं. त्या दिवसापासून वर्षभर. तुमच्यापैकी अनेक जण त्या दिवशी काठावर होता. तिघांना पोहता येत होतं, पण विहिरीतलं.

विहिरीतलं पोहणं आणि तलावातलं पोहणं यात फरक आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. विहिरीचा काठ कुठं आहे ते माहीत असतं. पाझर तलाव बहुतेक बहात्तरच्या दुष्काळातले, भरावासाठी मुरूम तिथंच खोदलेला. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की दोन पुरुष खोल खड्डा. मोठ्या धरणांच्या बुडीत क्षेत्रात जुन्या विहिरी तशाच उघड्या आहेत. तळाशी गाळ आहे, त्यात पाय रुतला की जितकं ओढाल तितकं खाली. आणि एक बुडाला की दुसरा उडी मारतो, मग तिसरा. दरवर्षी मे महिन्यात आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी आपल्या जिल्ह्यांतल्या पेपरात दोन भाऊ, तीन मित्र, मायलेकी अशा बातम्या येतात. धुणं धुवायला गेलेली मायलेक. मुलीचा पाय घसरला, आई मागं गेली. दोघींनाही पोहता येत नव्हतं.

आपल्या वेळी पोरं पाठीला तेलाचा डबा बांधून नाहीतर टायरची ट्यूब घेऊन विहिरीत शिकली. मुलींना विहिरीच्या थारोळ्यापर्यंतसुद्धा जाऊ देत नव्हते. आपल्या वर्गात सतरा मुली होत्या. काल रात्री मी सगळ्यांना विचारलं. पोहता येतं फक्त दोघींना, आणि त्यातली एक मी, ती पण चोपन्नाव्या वर्षी लातूरला बायकांच्या बॅचमध्ये शिकलेली.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता आलं पाहिजे, असं अभ्यासक्रमातच आहे. सगळ्यांना येतंच असं नाही, पण शाळेची ती जबाबदारी आहे. त्यांच्या जलाशयांवर बहुतेक ठिकाणी पोहायला बंदीच आहे, कारण पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं. जिथं परवानगी आहे तिथं जागा आखून दिलेली आहे. काठावर खांबाला दोरी आणि फेकायचं कडं लावलेलं असतं. आणि त्यांची १८२४ पासूनची एक जीवरक्षकांची संस्था आहे, तिनं पोरासोरांना एकच गोष्ट शिकवायचा धडाका लावलाय. अचानक पाण्यात पडलात तर आधी पोहायला जाऊ नका, हातपाय झाडू नका. डोकं मागं टाका, कान पाण्यात जाऊ द्या, पाठीवर तरंगा, श्वास शांत होईपर्यंत थांबा, मग हाक मारा. आणि काठावरच्यानं उडी मारायची नाही. दोरी, साडी, धोतर, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं. स्वतः आडवं पडून ओढायचं. हे शिकायला एक दुपार पुरते.

दुपारच्या सत्रात बॅचच्या निधीचा विषय आहे. शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधून द्यायची, त्यावर आपल्या सगळ्यांची नावं, असा ठराव येणार आहे हे मला माहीत आहे. कमानीला माझा विरोध नाही, आताचं फाटकही गंजलंय. पण मी दुसरा ठराव आणलाय. दर उन्हाळ्यात आठवीची तीस मुलं, त्यात निम्म्या मुली, लातूरच्या किंवा नांदेडच्या जलतरण तलावावर तीन आठवडे न्यायची. जायचा-यायचा खर्च, शिकवणाऱ्यांची फी, मुलींसाठी शिकवणारी बाईच हवी. आणि आसपासच्या पाच तलावांवर, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, खांब, दोरी आणि कडं. हिशोब मी काढून आणलाय. कमानीच्या निम्म्या पैशात पहिली तीन वर्षं निघतात. काल एक जण मला म्हणाला, "कमान दिसते, पोहणं दिसत नाही." खरं आहे त्याचं. ज्यांना नावं दिसायला हवीत त्यांची नावं कड्यांवर ऑइलपेंटनं लिहू, मला चालेल.

सहल तर करायचीच. तीन आठवडे झाले की शेवटच्या रविवारी सगळ्या मुलांना, त्यांच्या आयांना आणि आपल्यातल्या ज्यांना यायचं त्यांना घेऊन लिंबोटीला. पाण्यात कुणी उतरायचं नाही, काठावर बसून जेवायचं. पक्षी बघायला दोन दुर्बिणी मी देते. फिरतं स्वच्छतागृह भाड्यानं मिळतं, त्याची चौकशी केलेली आहे.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत, पैसे आणि वेळ. ज्यांना पोहता येतं त्यांनी दुसऱ्या रकान्यात सही करायची, मग ते पुण्याला राहोत नाहीतर दुबईला. विहिरीत सूर मारून आम्हा मुलींना लांबून दाखवणारे नऊ जण मी इथून मोजलेत, त्यांची सही मी आजच घेणार आहे. सर मागं घड्याळ दाखवताहेत. वही दुपारी चारपर्यंत तिथंच राहील.